तुमच्या सायकलचं हँडल खाली घेतलं

अहो,

आज सकाळी तुमच्या सायकलचं हँडल खाली घेतलं. तुम्ही असताना त्या सायकलच्या एका स्क्रूलाही मी तुम्हाला विचारल्याशिवाय हात लावला नव्हता. आता विचारायची सोय राहिली नाही, निदान सांगावं तरी, म्हणून लिहायला बसले आहे.

काल खंडेनवमी झाली. तुमच्याशिवायची पहिली. दर वर्षी कंपनीतून सुटलात की घरची हत्यारं तुम्ही स्वतः पुसून पाटावर मांडायचात, माझं शिलाई मशीन आणि कात्रीसुद्धा. काल मी आणि केतकीनं मांडली. दसऱ्यासाठी ती पुण्याहून परवाच आली होती. जिन्याखालून सायकल बाहेर काढली, तुम्ही गेल्यापासूनची आठ महिन्यांची धूळ पुसली आणि झेंडूचा हार घातला. हार घालताना ती थांबली आणि हँडलकडे बघत राहिली. ते सीटच्या चांगलं चार बोटं वर होतं, तुम्ही शेवटचं ठेवलं होतं तसंच.

मला वाटलं, आता ही आत निघून जाईल. हँडलचा विषय निघाला की ती उठून जायची, तुम्हाला माहीत आहे. पण गेली नाही. म्हणाली, "आई, ही मी पुण्याला नेऊ का? चालवायला."

एवढंच. आणि मी हो म्हणाले.

तुमची ग्रॅव्हल बाइक घरात आली तो दिवस आठवतो? तुम्ही पन्नाशीचे झाला होतात. मी म्हटलं होतं, या वयात हे मेंढ्याच्या शिंगांसारखं वळलेलं हँडल कशाला? साधी सायकल घ्या, सरळ हँडलची. तुम्ही मला समजावत बसलात. ही डांबरावर पळते आणि मुरमावरही चालते, टायर जाड आहेत, कॅनॉलच्या कडेनं गंगापूरपर्यंत जाता येतं, निफाडला भास्कररावांच्या बागेतल्या गाडीवाटेनं फिरता येतं. मला त्यातलं मुरूम तेवढं कळलं.

दुकानदार हँडलच्या खालची उभी नळी वरून कापायला निघाला होता. उगाच वर आलेली दिसते, कापली की सायकल देखणी दिसेल, असं त्याचं म्हणणं. तुम्ही नको म्हणालात. टूलरूममध्ये तीस वर्षं काढलेला माणूस. एकदा कापलेलं परत जोडता येत नाही, हे तुम्हाला कुणी सांगायला नको होतं. त्या शिल्लक नळीवरच पुढची दोन वर्षं निघाली. तेव्हा कुणाला ठाऊक होतं?

घरी आल्यावर तुम्ही दोन तास सायकलची मापं घेत बसला होतात. आधी सीट, मग हँडल. सीट पायाच्या लांबीवर ठरते, तिथे आवडीनिवडीचा प्रश्न नाही. हँडल सीटच्या मानानं किती वर किंवा किती खाली ठेवायचं, ते मात्र माणसाच्या पाठीवर, मानेवर आणि हातांवर. सीटवर लाकडी पट्टी आडवी ठेवलीत, तिच्यावर गवंडी वापरतात ती पाणसळ, आणि पट्टीपासून हँडलपर्यंतचं अंतर मोजलंत. चार सेंटिमीटर खाली. मला हाक मारून दाखवलंत आणि वर बसून विचारलंत, कसा दिसतो?

मी शिवणकाम करणारी बाई. मला तुमची पाठ दिसली. घट्ट झालेल्या ब्लाउजसारखी ताणलेली. म्हटलं, कापड अंगावर बेततात, अंग कापडावर नाही. हे हँडल वर घ्या. तुम्ही हसलात. वाऱ्याला कमी अडतो, असं काहीतरी म्हणालात आणि ते हँडल वर्षभर तसंच खाली राहिलं.

त्या वर्षी तुम्ही खूश होतात. रविवारी पहाटे निघायचात आणि नऊ-साडेनऊला परत, पायांवर गुडघ्यापर्यंत लाल धूळ. महिन्यातून एकदा निफाडला. भास्करराव तुमच्या आयटीआयच्या वर्गातले. त्यांच्याकडे साधी जुनी सायकल, तरी ते तुमच्या बरोबरीनं यायचे. परत येताना पाठीवरच्या पिशवीत द्राक्षं असायची, निम्मी चेपलेली. मी चिडायचे, तरी त्यांचं सरबत करायचे.

मग त्या उन्हाळ्यात तुम्ही म्हणालात, उजवा हात ढिला पडतोय. दुखत नाही, पण ब्रेक दाबायला जोर लागतो. तुम्ही मोबाईलवर बघितलंत, वाचलंत. हँडल खूप खाली असेल तर अंगाचा भार तळव्यावर येतो, तिथली नस दबते, बोटं दुबळी होतात. सगळं नीट जुळत होतं. मी तर आधीच सांगितलं होतं ना, हँडल वर घ्या म्हणून! मला तेव्हा जिंकल्यासारखं वाटलं, हे आज कबूल करते.

हँडलला नळीशी जोडणाऱ्या दांडीच्या वर, नळीवर, बांगड्यांसारख्या तीन काळ्या रिंगा होत्या. त्यातल्या दोन काढून तुम्ही दांडीच्या खाली घातल्यात. हँडल दोन सेंटिमीटरनं वर आलं. पंधरा दिवस वाट बघितलीत. फरक पडला नाही. तिसरी रिंग खाली घातलीत. हँडल सीटच्या फक्त एक सेंटिमीटर खाली राहिलं. तुम्ही म्हणालात, आता थोडं बरं वाटतंय. खरंच वाटत होतं का हो?

मी तुम्हाला रबरी चेंडू आणून दिला होता. रोज शंभर वेळा दाबा. तुम्ही पन्नासला थांबायचात आणि मी ओरडायचे. आळशी म्हटलं तुम्हाला. तीस वर्षं यंत्रांवर उभं राहणाऱ्या माणसाला मी आळशी म्हटलं! तुम्ही पुन्हा दाबायला लागायचात. ते शंभर आकडे माझ्या कानात अजून आहेत.

आणखी एक गोष्ट आहे. ती तुम्हाला मी कधीच सांगितली नाही.

त्याच सुमारास तुमचा एक शर्ट दंडात सैल होतोय म्हणून मी आत घ्यायला बसले होते. टेप घेऊन तुमच्या दंडांची मापं घेतली. उजवा दंड डाव्यापेक्षा पाऊण इंचानं कमी भरला. उजवाच हात कामाचा, तोच बारीक? वाटलं टेप सरकली. पुन्हा मोजलं. तेवढंच. अंगठ्याच्या आणि पहिल्या बोटाच्या मधला गुबगुबीत भाग आत बसलेलाही दिसला. मी बघितलं आणि शर्ट आत घेऊन टाकला. दोन्ही बाह्या सारख्या दिसतील असा. का बोलले नाही? भीती वाटली म्हणून नाही. मला खरंच वाटलं, हँडल अजून थोडं वर गेलं की भरून येईल.

तीन महिने आपण सायकल दुरुस्त करत राहिलो.

मोठ्या डॉक्टरांकडे गेलो तेव्हा त्यांनी तुमचा शर्ट काढायला सांगितला आणि नुसतं दंडांकडे बघत बसले. कातडीखाली बारीक फडफड होत होती, पाण्यावर वारा आल्यासारखी. सुया टोचून तपासण्या झाल्या. मग त्यांनी सांगितलं. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा एकेक करून बंद पडतात, का ते माहीत नाही, थांबवता येत नाही. मी विचारलं, तीन महिने आधी आलो असतो तर? ते म्हणाले, फार फरक पडला नसता. मी त्या वाक्याला धरून आहे, पण पाऊण इंच काही विसरता येत नाही.

परत येताना द्वारकेच्या चौकात रिक्षा अडकली. चारही बाजूंनी ट्रक, हॉर्न, धूर. मी फाईल मांडीवर घट्ट धरून बसले होते. तुम्ही बाहेर बघत होतात. तिकडेच बघत म्हणालात, "म्हणजे हँडलची चूक नव्हती."

मला रडू आलं ते तिथं. डॉक्टरांसमोर नव्हतं आलं.

मला वाटलं, आता सायकल बंद. तुम्ही मात्र पुढच्याच रविवारी एलन की, स्क्रू फिरवायची ती वाकडी किल्ली, घेऊन अंगणात बसलात. ती फिरवायला बोटांत जोर नव्हता. मग मला हाक मारलीत. म्हणालात, शैला, ये इकडे, तुला शिकवतो.

पन्नाशीला आलेल्या बाईला पाना धरायला शिकवणं सोपं नव्हतं, नाही का? हँडलला नळीशी जोडणारी ती बोटभर लांबीची दांडी, तिला स्टेम म्हणायचं. तिच्या बाजूचे दोन स्क्रू आधी सैल करायचे. मग नळीच्या डोक्यावरच्या टोपीचा. ही दांडी जराशी तिरकी असते. उलटी करून बसवली की खाली झुकायच्या ऐवजी वर बघायला लागते, आणि हँडल दोन सेंटिमीटर चढतं. नवं काही आणायला नको. तुम्ही पायरीवर बसून सांगत होतात आणि मी करत होते. परत आवळताना मी आधी बाजूचे स्क्रू आवळले आणि मग टोपी. तुम्ही पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवायला सांगितलंत. मला काहीच कळलं नाही. तुम्हाला तेवढ्या लांबून खडखड ऐकू आली. पुन्हा सैल करायला लावलंत. टोपी आधी, हलक्या हातानं, खडखड थांबेल इतपतच. मग हँडल पुढच्या चाकाशी सरळ रेषेत. मग बाजूचे दोन्ही, आळीपाळीनं थोडे थोडे. मी वैतागले. तुम्ही म्हणालात, तू काज करताना किती वेळा उसवतेस?

त्या दिवशी हँडल पहिल्यांदा सीटच्या वर गेलं. एक सेंटिमीटर. तुम्ही गल्लीत फेरी मारून आलात आणि तोंडभर हसत होतात. पाठ सरळ, भार हातांवरून बुडाखाली गेलेला. त्या एका सेंटिमीटरवर तुम्हाला दोन महिने मिळाले. कंपनीत मात्र तुम्ही हलकं काम मागून घेतलंत.

दोन महिन्यांनी मान जड व्हायला लागली. तेव्हा तुम्ही अंबडमधल्या जुन्या मित्राकडून आखूड आणि चांगली उभी चढणारी दांडी मिळवलीत. ती मी एकटीनं बसवली. तुम्ही फक्त बघत होतात, एकदाही टोकलं नाहीत. हँडल सीटच्या पाच सेंटिमीटर वर गेलं आणि तुमच्याकडे जवळही आलं.

भास्करराव आले होते ना त्या आठवड्यात. त्यांनी सायकल बघितली आणि डोकं हलवलं. "दिलीप, हे लय वर गेलं रे. पुढचं चाक हलकं पडंल, मुरमावर धरायचं नाय." तुम्ही म्हणालात, मला माहीत आहे, पण खाली घेतलं तर मला बसता येत नाही. त्या दिवसापासून ते तुमच्या पुढे न जाता मागे राहून सायकल चालवू लागले, हे तुमच्या लक्षात आलं होतं का? मला त्यांनीच नंतर सांगितलं. तुम्ही पडलात तर आपल्याला दिसायला हवं, म्हणून.

आता जरा भांडते.

केतकीला सांगायचं नाही, असं तुम्ही ठरवलंत. तिची पहिली नोकरी, सहा महिन्यांनी कायम करणार होते, तोवर तिच्या डोक्याला ताप नको. मला शपथ घातलीत. रोज फोनवर ती विचारायची, बाबा कसे आहेत, आणि मी म्हणायचे, सायकल चालवतायत. ते खोटं नव्हतं. म्हणूनच मला बोलता यायचं आणि म्हणूनच ते फार वाईट होतं.

दिवाळीला ती आली. तुम्ही उजवा हात खिशात ठेवून वावरलात. बोटाला कापलंय म्हणून चमच्यानं जेवलात. पाडव्याच्या सकाळी तिनं सायकल बघितली, आणि तिला हसू फुटलं. "बाबा, हे काय! दूधवाल्याची सायकल करून टाकलीत!" मग ती सीटवर बसून, छाती काढून, दूधवाल्यासारखी घंटा वाजवल्याचं सोंग करत अंगणात फिरली. मोबाईलवर फोटो काढले. तुम्हीही हसलात. मी फराळाची ताटं भरायला आत निघून आले.

संक्रांतीच्या आसपास भास्कररावांनी तिला फोन केला. पुण्यात या आजाराचे कुणी चांगले डॉक्टर आहेत का, एवढंच सहज विचारायला. तिला माहीत असेल असंच ते धरून चालले होते. त्यांचा काय दोष?

ती त्याच संध्याकाळी आली. तुमच्यासमोर काही बोलली नाही. तुमच्याजवळ बसली, हात हातात घेतला, कंपनीतलं काहीबाही सांगत राहिली. मग स्वयंपाकघरात आली आणि मला म्हणाली, "तू मला हसू दिलंस."

मी शपथेचं सांगितलं. ती म्हणाली, शपथ तू बाबांची पाळलीस, माझं काय? त्यानंतर वर्षभर ती दर शनिवारी आली. तुम्हाला भरवलं, तुमची नखं काढली, तुमचं बोलणं अस्पष्ट झालं तेव्हा माझ्या आधी तिला कळायचं. माझ्याशीही नीट वागायची. पण आमच्या दोघींमध्ये ते वाक्य होतं. सायकल तिनं परत कधी बघितली नाही. जिन्याखालून जाताना मान वळवून जायची.

तुम्ही सायकल सोडलीत तो रविवारही मला लिहायचा आहे. संक्रांत होऊन गेली होती. भास्करराव सोबत होते. कॅनॉलच्या चढावर पुढचं चाक मुरमावर सरकलं आणि तुम्ही बाजूच्या गवतात पडलात. खरचटलं, बाकी काही नाही. घरी आलात, हातपाय धुतलेत आणि मला म्हणालात की आता पुढचं चाक माझं ऐकत नाही, बास झालं. मी म्हटलं, हँडल जरा खाली घेऊन बघू? तुम्ही म्हणालात, चाकाला खाली हवं आणि मला वर हवं. दोघांना जमेल अशी जागा आता राहिली नाही. त्यात ना राग होता ना रडगाणं. एखादं मशीन जुनं झाल्यावर तुम्ही जसं बोलायचात तसंच. सायकल पुसून जिन्याखाली ठेवलीत, म्हणजे मी ठेवली, तुम्ही सांगितलंत. मला फार धीर आला होता तुमच्या त्या बोलण्यानं. पण आत तुम्हाला काय होत होतं, ते कधी सांगितलं नाहीत. स्क्रू कोणत्या क्रमानं आवळायचे ते शिकवलंत, हे का नाही?

असो. आजचं सांगते.

सकाळी चहा झाल्यावर केतकीनं तुमची हत्यारांची पेटी अंगणात आणली. मी लाकडी पट्टी आणि पाणसळ काढली. तुम्ही सांगितल्याप्रमाणे आधी सीट. तिला भिंतीला धरून बसवलं, टाच पेडलवर ठेवायला लावली, पाय सरळ होईल इतकी सीट खाली घेतली. तुमच्यापेक्षा चार सेंटिमीटर खाली आली. तसं झाल्यावर हँडल तिच्या सीटच्या नऊ सेंटिमीटर वर! ती त्यावर बसली तर खरंच... पण दोघीही हसलो नाही.

तिनं एलन की हातात घेतली आणि म्हणाली, "आई, हे एवढं वर का गेलं, मला पहिल्यापासून सांग."

मग मी पायरीवर बसले आणि सगळं सांगितलं. रिंगा, चेंडू, पाऊण इंच, द्वारकेच्या चौकातलं वाक्य, उलटी केलेली दांडी, भास्कररावांचं मागे राहणं. ती स्क्रू सैल करता करता ऐकत होती. मध्येच थांबायची, पुन्हा सुरू करायची. पाऊण इंचाला तिनं माझ्याकडे बघितलं. उभी दांडी काढून तुमची मूळची दांडी बसवली, खाली झुकणारी. तीन रिंगा होत्या तशा खालीच. मोजलं तर अजून तीन सेंटिमीटर वर.

मग ती खाली मान घालून म्हणाली की, त्या दिवाळीत मी हसले, ते बाबांना किती लागलं असेल.

आणि अहो, मला तेव्हा कळलं की तिला ते माहीतच नाही. मी कधी सांगितलंच नव्हतं! विषय काढला की ती उठायची, आणि मी सुटले म्हणून गप्प बसायचे.

मी तिला सांगितलं. भाऊबीज झाल्यावर ती पुण्याला गेली, तुम्ही तिला स्टँडवर सोडायला आला होतात. परत येताना तुम्ही मला म्हणालात, "किती महिन्यांनी कुणीतरी माझ्या हातांकडे न बघता सायकलकडे बघितलं." दिवसभर तुम्ही खुशीत होतात. तिनं काढलेला तो फोटो भास्कररावांना पाठवायला लावलात मला. आपल्याकडे येणारा प्रत्येक माणूस आधी तुमच्या बोटांकडे बघायचा, मीसुद्धा. ती एकटी अशी होती की तिच्यासमोर तुम्ही आजारी नव्हतात. म्हणूनच तिला सांगायचं तुम्ही टाळत होतात, नोकरी हे निमित्त होतं. हे मी तेव्हाच ओळखलं होतं.

केतकीनं डोळे पुसले, तेही ग्रीसच्या हातानं, आणि गालावर काळा पट्टा ओढला. म्हणाली, "हे तू मला दोन वर्षांपूर्वी सांगायचंस, आई." मी म्हटलं, हो, सांगायचं होतं. यात शपथ वगैरे काही नव्हती. चूक माझी एकटीची होती.

तिनं दोन रिंगा खालून काढून वर घातल्या. टोपी आधी, मग हँडल सरळ, मग बाजूचे स्क्रू आळीपाळीनं. पुढचा ब्रेक दाबून सायकल हलवली. मी कान देऊन ऐकलं. खडखड नव्हती. पट्टी ठेवून मोजलं, हँडल सीटच्या एक सेंटिमीटर वर. मी म्हटलं, शेवटची रिंगही काढायची का? ती म्हणाली, आधी चालवून बघते.

दीड तास आली नाही. मी दोनदा गेटपर्यंत जाऊन आले. आली तेव्हा पाय लाल धुळीनं भरलेले. कॅनॉलपर्यंत जाऊन आली होती. मान दुखली का विचारलं, नाही म्हणाली. हात? तेही ठीक. चढावर पुढचं चाक जागचं हललं नाही. मग म्हणाली की आत्ता राहू दे असंच, दोन-तीन महिन्यांनी सवय झाली की ती रिंग मीच काढेन. आणि जेवायला बसली तेव्हा आधी मला वाढलं. खूप दिवसांनी आम्ही दोघी तुमच्याबद्दल बोलत जेवलो. आमटी तिखट झाली की तुम्ही काही न बोलता ताकाचा पेला दोनदा भरून घ्यायचात, असलंच काहीबाही.

मंगळवारी संध्याकाळी ती सायकल घेऊन जाईल. तुमची उभी दांडी मी पेटीत ठेवली आहे, तेल लावून, कागदात गुंडाळून. ती टाकायची का ठेवायची, ते तुम्ही असता तर तुम्हीच ठरवलं असतं. मी ठेवली.

आता एक शेवटचं. गेले दोन महिने सकाळी उठल्यावर माझ्या उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या येतात. कात्री धरली की वाढतात. मशीनवर फार वेळ बसते, बहुतेक त्यामुळेच. पण बहुतेक या शब्दावर आपण तीन महिने घालवले होते. कुणाला बोलले नव्हते. आज जेवण झाल्यावर केतकीला सांगितलं. ती घाबरली, मग दंडांची मापं घ्यायला टेप घेऊन आली. दोन्ही जवळपास सारखे भरले. उजवा पाव इंचानं जास्तच. तरी मंगळवारी डॉक्टरांकडे जायचं ठरलं आहे. ती एक दिवस रजा वाढवून थांबणार आहे.

जे काही निघेल ते तिला त्याच दिवशी कळेल, माझ्याकडून, दुसऱ्या कुणाच्या फोनवरून नाही. तुम्ही मला शपथ घातली होतीत, आता मी तुम्हाला शब्द देते. या घरात यापुढे कुणाचंही दुखणं दुसऱ्याच्या बऱ्यासाठी लपवलं जाणार नाही. आणि लपवावंसं वाटलंच, तर मी तिच्या शेजारी जाऊन बसेन आणि बोलेन.

तुमची,
शैला